मी हाक दिली नाही

दाजींनी ताईला मारताना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका बेटावर, भर दुपारी. त्याआधी तीन दिवस समुद्र आम्हाला मारत होता. त्यामुळे असेल, पण त्या आठवड्यातलं मला जे काही आठवतं ते अंगावरच्या खुणांवरून आठवतं. तळहात कधी सोलले, ओठ कधी फुटला, खांदा कधी गेला, त्यावरून दिवस लागतात.

मी ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना रिव्हेट मारणं हे माझं काम. आयटीआयला जायचं म्हटलं तेव्हा पंचवटीतल्या आमच्या घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नव्हतं. "पोरीला पत्रे ठोकायची कसली हौस?" आमचे वडील, अण्णा, सारखे म्हणत होते. तेव्हा दाजी मोटरसायकलवरून आले, अण्णांच्या पुढ्यात मांडी घालून बसले आणि म्हणाले, "अण्णा, तिला जमतंय ते करू द्या. फॉर्म मी भरतो." आणि भरला. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणालाही वाटेल की हा माणूस मला कधी आवडतच नव्हता. तसं नव्हतं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मला पोहायला दाजींनी शिकवलं, चारचाकी दाजींनी शिकवली. आमच्या घरात कोणाचा आवाज मोठा नव्हता. हा उंच माणूस आला की घर भरल्यासारखं वाटायचं.

दाजी द्राक्षं परदेशी पाठवायचे. गंगापूर रोडला बंगला, दिंडोरीकडे बागा. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना शिडाच्या बोटीचं वेड लागलं. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला त्यांनी एक जुनी बोट आणली. मला बोलावलं, कारण मी वजनाला हलकी आणि हाताला कणखर. बाकी त्यांचे तीन मित्र, दोन द्राक्षवाले आणि एक दातांचा डॉक्टर. शिकवायला एक काका होते. मूळचे मालवणचे, नौदलातून निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला राहायला आलेले.

धरणावर दुपारी डोंगराकडून वारा उतरतो आणि धड एका दिशेने कधी वाहत नाही. काकांनी मला एक काम नेमून दिलं. वारा पाठीमागून असेल तेव्हा मी मागे तोंड करून बसायचं आणि बघत राहायचं. शिडाच्या तळाशी ॲल्युमिनियमचा एक जाड आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. वारा पाठीमागून असताना बोट जराशी जास्त वळली की तो बूम एका बाजूचा दुसऱ्या बाजूला येतो. येतो म्हणजे झाडासारखा कोसळतो, फक्त आडवा. तो येणार असं दिसलं की मी ओरडायचं, "डोकं!" आणि सगळ्यांनी खाली वाकायचं. काका त्याला हाक देणं म्हणायचे. "तुझी हाक म्हणजे सगळ्यांची मान गो," ते म्हणायचे. "शिंकायला गेलीस तरी चालणार नाही."

धरणावरही दाजी चिडायचे. हातातली पाण्याची बाटली फेकायचे, मित्राच्या पाठीत गुद्दा घालायचे, किनाऱ्याला लागलं की त्यालाच मिठी मारून भजी खायला घालायचे. आम्ही हसायचो. मला वाटायचं ते सगळं बोटीपुरतं आहे.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, छाटणी उरकून बागा मण्यांवर आल्या होत्या तेव्हा, दाजींनी आमचं नाव एका बेटावरच्या शर्यतीत दिलं. थायलंडच्या बाजूचं बेट, आठवडाभराच्या शर्यती, देशोदेशींच्या बोटी. तिथे बोट भाड्याने मिळणार होती. काका होतेच, ताईही आली. शेंगदाण्याची चटणी, भाजणी, गूळपोळ्या, असं सगळं घेऊन. विमानात ती खिडकीशी बसली होती आणि माझा हात धरून होती. मला वाटलं, विमानाची भीती.

बेट सुंदरच होतं. वाळूत उभारलेल्या लाकडी खोल्या, माडांच्या रांगा, धक्क्याला लागलेल्या शंभरेक डोलकाठ्या. सकाळी सगळ्या बोटींच्या तारा वाऱ्याने डोलकाठ्यांवर आपटायच्या आणि कारखान्यात पाळी सुरू होते तसा आवाज यायचा. आमची बोट धरणातल्या बोटीच्या दुप्पट होती. तिचा बूम मी हाताने वाजवून बघितला. पत्रा चांगला जाड होता.

पहिल्या दिवशी धक्क्याची भिंत ओलांडली आणि समुद्राने आम्हाला उचलून आपटलं. धरणातली लाट पायाला लागते. ही छातीवर यायची. एक लाट अशी आली की दातांचे डॉक्टर बसल्या जागेवरून उचलले गेले आणि पाठीवर पडले ते बराच वेळ श्वासच घेईनात. दोर माझ्या हातातून सरकला आणि दोन्ही तळहातांची साल घेऊन गेला. खारं पाणी त्यावर बसलं तेव्हा मी आईला हाक मारली. दाजी सुकाणूशी उभे होते, चेहरा पांढराफटक. ते घाबरले होते आणि घाबरले हे आम्हाला दिसलं म्हणून आणखी चिडले होते. शीड ओढायचा लोखंडी दांडा त्यांनी डॉक्टरांच्या दिशेने फेकला. तो त्यांच्या कानाजवळून गेला आणि बोटीच्या लाकडात खोक पाडून पाण्यात पडला.

"दाजी!" मी ओरडले.

"तू तुझा दोर बघ!"

 काकांनी दुसरा दांडा काढला आणि तो संध्याकाळपर्यंत स्वतःच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी धडक झाली. सुरुवातीच्या रेषेवर वीसपंचवीस बोटी एकमेकींना घासत उभ्या असतात, भोंगा वाजायची वाट बघत. उजवीकडून येणाऱ्या बोटीला वाट द्यायची असा नियम आहे. काका दोनदा म्हणाले, "साहेब, वाट द्या." दाजींनी दिली नाही. पलीकडच्या बोटीवरची माणसं हात हलवून ओरडत होती, आणि मग त्यांचा टोकदार पुढचा भाग आमच्या कडेत घुसला. माझ्या पायाखालची बोट किंचाळली, दुसरा शब्द नाही त्या आवाजाला. कठडा वाकला. एका द्राक्षवाल्याचा हात कठड्यावर होता. त्याने हात वर केला तेव्हा करंगळी नुसत्या कातडीवर लोंबत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. रक्त पांढऱ्या फरशीवर पडत होतं आणि प्रत्येक लाट ते धुऊन नेत होती.

त्याला किनाऱ्यावर पाठवलं. दाजी म्हणाले, "चार जणांवर चालवू." काका मोजणीत पाचवे होते, पण त्यांना दाजी मोजायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही शेवटून पहिले आलो. त्या दिवशी कोणाला काही लागलं नाही, म्हणून तो दिवस मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की सकाळी नाश्त्याला ताई काळा गॉगल लावून आली होती आणि आत, छताखाली, गॉगल काढत नव्हती.

"डोळे आलेत," ती म्हणाली.

मी मान हलवली आणि खात राहिले. मला भूक लागली होती.

चौथा दिवस सुट्टीचा. जेवणानंतर मी माझ्या हाताला लावायचं मलम मागायला ताईच्या खोलीकडे गेले. खोलीच्या भिंती फळ्यांच्या होत्या. पायरीवर पाय ठेवला आणि आतून आवाज आला, ओलं पोतं फळीवर आपटावं तसा. मग पुन्हा. मला वाटलं सामान पडतंय. मी दार लोटलं.

ताई पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत होती. दाजींच्या डाव्या हातात तिचे केस होते. उजव्या हाताने ते तिला मारत होते, पाठीत, बरगड्यांवर, कपड्याखाली झाकलं जाईल तिथे. आणि ते ओरडत नव्हते. बोटीवर सतत ओरडणारा तो माणूस तोंडातून अवाक्षर न काढता, एखादं काम उरकावं तसा मारत होता. ताईही गप्प होती. दोघांनाही ते पाठ होतं, हे मला कळायला एक क्षण लागला.

टेबलावर काचेचा जग होता. मी तो उचलला आणि दाजींच्या पाठीवर हाणला. तो फुटलाही नाही, हातातून निसटून गादीवर पडला. ते वळले. त्यांनी मला दंडाला धरून उचललं आणि फेकलं. मी दाराच्या चौकटीवर तोंडावर आपटले. ओठ दातात गेला. उठले आणि पुन्हा त्यांच्या अंगावर गेले, त्यांच्या मनगटाला चावले, सोडलं नाही. त्यांनी माझ्या कानशिलात मारली तेव्हा दात सुटले.

मग सगळे थांबलो. तिघंही धापा टाकत होतो. बाहेर कोणीतरी व्हॉलीबॉल खेळत होतं.

"हे आमचं आहे," दाजी हळू आवाजात म्हणाले. "तू मध्ये येऊ नको."

"ताई, चल."

ताई उभी राहिली. तिने केस बांधायला घेतले. "तू जा," ती म्हणाली.

"ताई..."

"जा म्हणते ना!"

मी गेले. माडाखाली एक नळ होता, तिथे तोंड धूत बसले. काका आले. माझ्या ओठाकडे बघत म्हणाले, "बोटीवर लागलं की जमिनीवर?"

"जमिनीवर."

त्यांनी नळ बंद केला. "उद्या येऊ नकोस गो बोटीवर."

"येणार."

का येणार, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं नसतं. खोलीत दाजी कोणालाच घाबरत नव्हते. समुद्रात घाबरत होते. मला ते बघायचं होतं.

ऊन कलल्यावर ताई मला शोधत वाळूत आली. शेजारी बसली, पण बसताना बरगडी धरून बसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझा आयटीआयचा फॉर्म भरला ना त्यांनी, त्याच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा."

मी हिशेब केला. चौदा वर्षं.

"आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुम्हाला सगळ्यांना ते किती आवडायचे." मग म्हणाली, "आज मी त्यांना एवढंच म्हटलं होतं की उद्या तिला बोटीवर नेऊ नका. हात बघा तिचे."

म्हणजे ते माझ्यावरून झालं होतं. मला काय वाटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. 

पाचव्या दिवशी वारा आधीपासूनच जोराचा होता. जाताना वाऱ्याविरुद्ध गेलो, दीड तास मार खात. पिवळ्या फुग्याला वळसा घातला आणि वारा पाठीमागे आला. आता बोट लाटांवरून खाली घसरत होती, प्रत्येक घसरणीला आतून घरघर वाजत होती. बूम पूर्ण डावीकडे, पाण्यावर ताणलेला.

"साहेब, बूम बांधून घेतो," काका म्हणाले. बूम फिरू नये म्हणून पुढे एक दोर बांधतात.

"नको. वळताना वेळ जातो."

"वारा बघा जरा."

"मी बघतोय ना! तुम्ही पुढे बसा."

काका डोलकाठीशी जाऊन बसले. मी माझ्या जागेवर, मागे तोंड करून. माझ्यासमोर दाजी, त्यांच्यामागे समुद्र. ऊन माझ्या पाठीवर होतं. दाजी माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्या मनगटावर माझ्या दातांची अर्धगोल खूण होती, निळी पडलेली.

डॉक्टरांच्या हातून पुढच्या शिडाचा दोर सुटला. शीड फडफडायला लागलं, बंदुकीसारखे बार उडायला लागले. दाजी बाकावर चढले, ओरडत, शिव्या देत, आणि डॉक्टरांना मारायला त्यांनी हात उचलला. दुसरा हात सुकाणूवरून सुटला. बोटीने मान वळवली.

मला दिसलं. मोठ्या शिडाची मागची कड थरथरली, मग आतल्या बाजूला दुमडली. हे झालं की बूम येतो. धरणावर मी हे शेकडो वेळा बघितलं होतं आणि शेकडो वेळा ओरडले होते. शब्द घशात आला होता. तो कसा असतो ते मला माहीत आहे, जिभेला टेकलेला असतो. मी तोंड उघडलं नाही. डॉक्टर खाली वाकलेलेच होते, दुसरे द्राक्षवाले फरशीवर होते, काका पुढे. बूमच्या वाटेत एकच डोकं होतं. मी त्या डोक्याकडे बघत राहिले. एक सेकंद, दीड सेकंद. माणूस बाजूला व्हायला तेवढा पुरतो.

बूम आला. तो आवाज मी ओळखते, पत्र्यावर हातोडा चुकून बोटावर पडावा तसा, दोन आवाज एकात. दाजी आडवे उडाले. त्यांचं तोंड एका बाजूला सरकलेलं मला दिसलं. ते कठड्यावर आपटले, कठड्याच्या तारेवरून अर्धे पलीकडे गेले आणि त्याच क्षणी बोट कलंडली. फरशी भिंत झाली. पाणी आत घुसलं, डॉक्टर माझ्या पायांवर येऊन पडले, कोणीतरी देवाचं नाव घेत होतं.

दाजींची कंबर तारेत अडकली होती, डोकं पाण्यात. लाट आली की ते आत ओढले जायचे. मी झेप घेतली आणि त्यांच्या लाइफ जॅकेटचा मागचा पट्टा धरला. दोन्ही पाय कठड्याला लावले. लाट आली आणि तिने त्यांना माझ्या हातातून उपसायचा प्रयत्न केला, आणि माझा उजवा खांदा जागेवरून गेला. तो गेलेला मला ऐकू आला. मी सोडलं नाही. सोलून निघालेल्या तळहातांत तो पट्टा रुतला होता आणि मी रडत होते, शिव्या देत होते, "वर या, वर या, मेल्या माणसा, वर ये." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकेरीत बोलले.

काकांनी सुरी काढून शिडाचे दोर कापले. शीड पाण्यात पडलं आणि बोट हळूहळू सरळ झाली. आम्ही चौघांनी दाजींना आत ओढलं. श्वास चालू होता. जबडा लोंबत होता, डाव्या कानातून रक्त येत होतं. फरशीवरून तीन दात गडगडत होते. दातांच्या डॉक्टरांनी ते एकेक करून वेचले आणि पाण्याच्या बाटलीत टाकले. मग झाकण लावून बाटली छातीशी धरून बसले.

बचावाची बोट वीस मिनिटांनी आली.

त्या दिवशी संध्याकाळी स्पर्धेच्या लोकांनी आम्हाला एका खोलीत बसवून प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेतलं. चांगली माणसं होती, पाणी देत होती. माझा खांदा बसवून हात गळ्यात बांधला होता. त्यांनी विचारलं, तुम्ही मागे बघत होतात, तुम्हाला आधी काही दिसलं का?

"नाही," मी म्हटलं. "ऊन डोळ्यांवर होतं."

काका शेजारीच होते. बाहेर आल्यावर चालता चालता म्हणाले, "ऊन पाठीवर होतं गो."

"हो."

"बूम बांधू दिला नाही, हे मी लिहून दिलंय. ते खरं आहे." जरा पुढे गेल्यावर थांबले. "बाकीचं तुझं तू बघ. मला त्यात ओढू नकोस."

दवाखाना बेटाच्या दुसऱ्या टोकाला होता. दाजींचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. वरचे-खालचे दात तारेने बांधून टाकले होते. जीव धोक्यात नव्हता, पण डावा कान गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई त्यांना नळीने नारळपाणी पाजून बाहेर व्हरांड्यात आली. मी तिला सांगितलं. सगळं, शिडाची कड थरथरली तिथपासून.

ताईने माझ्या थोबाडीत मारली.

आमच्या ताईने कधी मुंगी मारली नव्हती. बांधलेल्या हाताच्या बाजूनेच मारली, मी भिंतीवर गेले, खांद्यातून कळ निघाली आणि मी खाली बसले.

"मी मागितलं होतं तुझ्याकडे?" ती दातओठ खात म्हणाली. "मेले असते तर? तू तुरुंगात, अण्णा तुझ्या मागे कोर्टात, आणि मी काय करायचं? माझी बहीण माझ्यामुळे खुनी झाली म्हणून जगायचं? चौदा वर्षं मी मार खाल्ला. आता हेही माझ्याच डोक्यावर?"

मग ती माझ्याजवळ खाली बसली आणि माझा खांदा चेपायला लागली. दोघी रडलो नाही. एक नर्स आली, आम्हाला बघून परत गेली.

नाशिकला आलो. दाजींचे दात सहा आठवडे बांधलेले राहणार होते. बंगल्यात आवाज नव्हता. ते पाटीवर लिहायचे, ताई पातळ वरण, पेज, सूप करून नळीने द्यायची. ती मला फोन करायची आणि मी विचारायचे, "हात उचलला?" ती म्हणायची, "नाही." पहिला आठवडा, दुसरा, तिसरा. तिच्या आवाजात काहीतरी सैल व्हायला लागलं होतं. ती त्यांच्याशी बोलायला लागली होती. जुन्या गोष्टी, कुठल्या दिवशी कशावरून मारलं, पलंगाशी बसून एकेक सांगायची. ते ऐकून घ्यायचे. दुसरं करणार काय? "एकदा डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या," ती म्हणाली. तिला आशा वाटायला लागली होती. मला भीती.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी सूप गरम होतं. त्यांनी स्टीलचा पेला भिंतीकडे नाही, तिच्याकडे फेकला. भुवईवर बसला. तोंड बांधलेलं असताना, कण्हत, उठून त्यांनी तिचे केस धरले.

माझी कारखान्यातली पाळी सुटली होती. मी ओझरहून निघतच होते, तर फोन आला. "गाडी घेऊन ये," ताई म्हणाली. "बॅग भरलीये."

मी पोचले तेव्हा ती फाटकाबाहेर उभी होती. भुवईला फडकं दाबून धरलेलं, साडीवर सूप आणि रक्त. मला वाटलं घरी जायचं, पंचवटीला. "आधी पोलिसात," ती म्हणाली. "धुवायचं नाही काही. असंच जायचं."

चौकीत एक बाई होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "कधीपासून?" ताई बोलायला लागली. अडखळली नाही, रडली नाही. तारीख, कारण, कुठे लागलं. पलंगाशी बसून तीन आठवडे तिने सगळं मोठ्याने म्हटलं होतं, त्यामुळे तिला ते क्रमाने येत होतं. बाईंना मध्ये दोनदा पेन बदलावं लागलं. मी बाकावर बसून होते. माझं नाव एकदाच आलं, बेटावर सोडवायला आलेली बहीण म्हणून.

सिव्हिलमध्ये टाके घालून घरी गेलो तेव्हा अण्णा दारात होते. त्यांनी ताईच्या भुवईवरचे टाके बघितले. "लय दिवस गप बसली माझी पोर," एवढंच म्हणाले, आणि आत जाऊन तिच्यासाठी गादी घालायला लागले. गुडघे दुखतात त्यांचे, वाकता येत नव्हतं, तरी कोणाला हात लावू दिला नाही.

मागच्या महिन्यात कोर्टाच्या व्हरांड्यात दाजी मला एकटे भेटले. वकील आत गेले होते, ताई पाणी प्यायला गेली होती. ते वाळलेत. जबडा एका बाजूला जरा उतरलेला आहे आणि ऐकायला मान वळवावी लागते.

"खांदा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"थंडीत दुखतो."

 मग ते म्हणाले, "एक विचारू? त्या दिवशी तुला दिसलं होतं ना?"

दोन वर्षं मी याचं उत्तर तयार करत होते. वेगवेगळी उत्तरं. "हो," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. राग आलेला दिसला नाही, आणि तेच मला सहन होईना. "मग नंतर धरून का ठेवलंस?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नाही.

तेवढ्यात पट्टेवाल्याने नाव पुकारलं. दाजींना ते ऐकू गेलं नाही, मी हाताने दाराकडे खूण केली. ते आत गेले. ताई बाटली घेऊन आली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली.

"काय म्हणत होते?"

"विचारत होते, दिसलं होतं का. मी हो म्हटलं."

ताईने बाटलीचं झाकण लावलं, बाकावरची फाईल उचलली. "बरं केलंस," ती म्हणाली. "चल, बोलावतायत."